बिल्ला बदलला, फाटक तेच : गिरणगावातील एक दिवस

वाचकहो, सांगली-साताऱ्याकडच्या आपल्या समाजात असे घर विरळाच, की ज्याच्या एका तरी पिढीने मुंबईच्या गिरणीचा भोंगा ऐकला नाही. कुणाचा आजा, कुणाचा चुलता, कुणाची आत्या. पावसाने दगा दिला, गावकीच्या कामाला कंटाळले, की आपली माणसे वळकटी घेऊन मुंबई गाठत. एका खोलीत दहा-बारा जण पाळीपाळीने झोपत आणि गावाकडे मनीऑर्डर धाडत. आज ते भोंगे वाजत नाहीत. पुष्कळ गिरण्या पाडल्या गेल्या. काहींची जुनी छपरे तशीच ठेवून आत चित्रांची, जाहिरातींची, सिनेमाची, संगीताची दुकाने थाटली गेली. कलावंतांची पेठच म्हणा ना! ती पेठ पाहण्याचा योग आम्हाला गेल्या हिवाळ्यात आला.

निमित्त घरगुती होते. आमच्या मामांची नात सांगलीत शिकते. उपयोजित कलेची पदविका तिने चांगल्या गुणांनी मिळवली. लोअर परळच्या एका जुन्या गिरणीच्या आवारात चित्रे आणि जाहिराती तयार करणारी एक कचेरी आहे, तिथून तिला मुलाखतीचे बोलावणे आले. पत्ता वाचून दाखवला तेव्हा मामा एकदम उठून बसले. ती त्यांचीच गिरणी! १९६४ ते १९८२ अशी अठरा वर्षे त्यांनी तिथे रिंग खात्यात काढली होती. ऐंशीच्या घरातले मामा म्हणाले, "पोरीसंगं म्या येणार. वाट म्या दावणार."

कंदिलाच्या गावाहून

नातीला घेऊन आम्ही सांगलीला महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसलो. वाटेत किर्लोस्करवाडी लागली. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या माळरानावर वसवलेले हे कारखान्याचे गाव. पुढे कराड स्टेशनावर मामा चढले. कराडचे स्टेशन खरे तर ओगलेवाडीत आहे, हे आपल्या भागातल्या वाचकांना सांगायला नको. १९१६ साली ओगले बंधूंनी सुरू केलेला काचेचा कारखाना इथलाच, आणि घरोघरी जळणारा 'प्रभाकर' कंदीलही इथलाच. मामांची चौथीपर्यंतची शाळा त्याच कंदिलाच्या उजेडात झाली. तो कारखाना बंद पडून कित्येक वर्षे लोटली.

गाडी साताऱ्याच्या पुढे गेली तशी एक आठवण मनात आली. याच साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाल भीमरावांचे नाव दाखल झाले. पुढे सुभेदार रामजी आपले बिऱ्हाड घेऊन मुंबईला गेले, ते लोअर परळच्या डबक चाळीत, गिरण्यांच्या धुराखाली! म्हणजे सातारा ते परळ ही वाट आपल्या माणसांची जुनीच वाट आहे. आम्ही फक्त तिच्यावरून आणखी एकदा निघालो होतो.

इंदू मिलच्या भिंतीपाशी

सकाळी दादरला उतरून प्रथम चैत्यभूमीवर गेलो, वंदन केले. शेजारीच इंदू मिल, म्हणजे इंडिया युनायटेड मिल क्रमांक ६ ची जागा. गिरणीच्या जमिनीचे काय करायचे, या प्रश्नाला समाजाने दिलेले हे एक उत्तर आहे. डिसेंबर २०११ मध्ये आपले कार्यकर्ते या गिरणीत शिरले आणि जागा बाबासाहेबांच्या स्मारकाला द्या, असे म्हणून बसले. ११ ऑक्टोबर २०१५ रोजी भूमिपूजन झाले. सुमारे बारा एकर जागा, शंभर फुटी चौथऱ्यावर साडेतीनशे फुटी पुतळा, सभागृह, ग्रंथालय असा आराखडा. काम मात्र लांबतच गेले. मामा भिंतीपलीकडच्या यंत्रांकडे बघत म्हणाले, "हितं लायब्री हुईल ती बरी. पुतळ्याकडं मान वर करून बघायचं आन् पुस्तकाकडं मान खाली घालून. दोन्ही पायजे."

तिथून लोकलने लोअर परळ. स्टेशनाबाहेर आलो आणि मामा गोंधळले. ज्या गल्लीत त्यांची खानावळ होती तिथे काचेची उंच इमारत. ज्या कोपऱ्यावर पगाराच्या दिवशी पठाण व्याजाला उभा राही, तिथे कॉफीचे दुकान. शेवटी दूरवर एक चिमणी दिसली आणि मामांना दिशा सापडली. "चिमणी हाय न्हवं? मग चला माझ्या मागनं."

फाटकावर

त्या गिरणीचे नाव आम्ही इथे देत नाही, कारण गोष्ट एका गिरणीची नाही. फाटकावर पहारेकरी होता, जेमतेम पंचविशीचा. त्याने विचारले, "आजोबा, कोणाकडे जायचंय? पास लागेल." मामांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक पितळी बिल्ला काढला. घासून घासून त्यावरचा नंबर पुसट झाला होता. म्हणाले, "बाळा, ह्याच फाटकातनं अठरा वर्सं ह्यो दावून आत गेलो. आज चालतंय का बघ."

पोरगा हसला नाही. त्याने बिल्ला हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि दोन्ही हातांनी परत दिला. मग तिघांना गळ्यात अडकवायचे कागदी पास दिले. मामा म्हणाले, "बिल्ला बदलला, फाटक त्येच हाय."

आत गेल्यावर मामांचे वय दहा वर्षांनी उतरले. नात मुलाखतीला गेली आणि मामा आम्हाला खाते दाखवू लागले. वर पाहा, म्हणाले. छप्पर करवतीच्या दातांसारखे, आणि प्रत्येक दाताच्या उभ्या बाजूला काचा, सगळ्या उत्तरेकडे तोंड करून. का? तर ऊन थेट आत येऊ नये आणि उजेड दिवसभर सारखा राहावा. सुताचा तुटलेला धागा दिसायला असाच उजेड लागतो. आज त्याच उजेडात चित्रे रंगवली जातात. चित्रकारालाही असाच स्थिर उजेड हवा असतो. बिडाचे खांब दूर दूर, मध्ये मोकळी जागा. पूर्वी तिथे यंत्रांच्या रांगा होत्या, आता मोठमोठी टेबले. जुन्या गिरण्या कलावंतांना का आवडतात, हे कोडे आम्हाला तिथे उलगडले.

"पर येक गोष्ट ह्यास्नी दावता येणार न्हाय," मामा म्हणाले. "गरमी! सूत तुटू नये म्हनून खिडक्या बंद, वरनं पान्याचा फवारा. हवेत कापूस. आठ तासांनी भायेर आलो की आमी कापसाच्या बाहुल्या." आता तिथे थंड हवेची यंत्रे होती. भिंतीवर जुन्या गिरणीचे एक मोठे, सुंदर छायाचित्र लावले होते. त्यात यंत्रे होती, चिमणी होती, उजेडाचे कवडसे होते. माणूस मात्र एकही नव्हता.

एक धोटा, दोन रोग

मामांची भटकंती एका भिंतीपाशी थांबली. पलीकडे विणकाम खाते होते. "हितं तुझ्या आज्याला पाय टाकू दिला न्हाय," ते आम्हाला म्हणाले. मामांचे वडील, म्हणजे आमचे आजोबा, १९३०च्या सुमारास परळला आले. आयुष्यभर रिंग खात्यातच राहिले. विणकाम खात्यात पगार जास्त, पण दार बंद.

हे दार का बंद होते, ते नव्या पिढीने नीट समजून घेतले पाहिजे. मागावर धोटा इकडून तिकडे धावतो. धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि तिच्या सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचे. एका पाळीतल्या कामगाराने तोंड लावलेला धोटा दुसऱ्या पाळीतला घेणार. सवर्ण कामगार म्हणाले, अस्पृश्याच्या तोंडचा धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही. झाले! मालकाने गिरणीत जात आणली नव्हती असे नाही, पण इथे ती कामगारानेच दाराशी उभी केली. १९२८ च्या सहा महिने चाललेल्या मोठ्या संपाच्या वेळी परमपूज्य बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला. कामगारांच्या हक्कांसाठी लढता, तर आमच्या कामगाराला विणकाम खाते मोकळे करण्याची मागणीही त्यात घाला, असा त्यांचा आग्रह होता. आणि तरीही कामगार म्हणून एकत्र येण्याची वेळ आली तेव्हा ते मागे राहिले नाहीत. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध झालेल्या संपात त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून उभा होता.

आता गंमत पाहा. असाच तोंडाने सूत ओढायचा धोटा अमेरिकेतल्या आणि इंग्लंडमधल्या गिरण्यांतही होता. तिथल्या लोकांनाही त्याची भीती वाटली, पण ती क्षयाच्या जंतूंची. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ सालीच त्यावर कायद्याने बंदी घातली. तिकडे भीती रोगाची, म्हणून धोटा बदला म्हणाले. इकडे भीती विटाळाची, म्हणून माणूस बदला म्हणाले! धोटा एकच, पण खरा रोग कुठे होता ते ज्याचे त्याने ठरवावे.

कला पूर्वीही होती

गिरण्या बंद पडल्यावर इथे कला आली, असे जे म्हटले जाते ते आम्हाला पटत नाही. भोंगा वाजत होता तेव्हाच गिरणगाव ही कलावंतांची पेठ होती. आपल्या वाटेगावचे, वाळवे तालुक्यातले, अण्णाभाऊ साठे लहानपणी बापाबरोबर पायी चालत मुंबईला आले, गिरणीत राबले आणि १९४४ साली शाहीर अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे केले. शाळेची पायरी जेमतेम चढलेला हा माणूस शाहीर आणि कादंबरीकार झाला. कवी नारायण सुर्वे यांना पोटाशी धरणारे गंगाराम आणि काशीबाई सुर्वे हे दोघेही गिरणी कामगार. काशीबाई कमला मिलमध्ये कामाला होत्या. लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशे रंगत. चाळीचाळींत आंबेडकरी जलसे होत, भजनी मंडळे होती, नाट्यमंडळे होती. मामा स्वतः ढोलकी वाजवत. तिकीट नाही, पास नाही, पहारेकरी नाही.

आज त्याच कमला मिलच्या आवारात दूरचित्रवाणी वाहिन्यांच्या, जाहिरात कंपन्यांच्या कचेऱ्या आणि खाद्यगृहे आली. मथुरादास मिलच्या आवारात २००७ साली 'ब्लू फ्रॉग' नावाचे संगीतगृह निघाले, देशोदेशीचे वादक तिथे आले. २०१६ साली तेही बंद पडले. फिनिक्स मिलचा तर झगमगता बाजार झाला, चिमणी तेवढी शोभेला उभी. कमला मिलच्या आवारातच २९ डिसेंबर २०१७ रोजी खाद्यगृहाला आग लागून चौदा जीव गेले. म्हणजे नवे दिवस आले तरी गिरणगावातला जीव स्वस्तच राहिला, असे म्हणायचे का?

हे सारे घडले कसे? १८ जानेवारी १९८२ पासून डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संप फुटला, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि जमिनीचे भाव सोन्याला मागे टाकू लागले. १९९१ च्या नियमाप्रमाणे विकासाला काढलेल्या गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश हिस्सा महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेला मालकाला असे ठरले होते. २००१ साली नियम बदलला. वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीची होईल, बांधकामाखालच्या जमिनीची नाही, असे झाले. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. कामगारांच्या घरांसाठी अर्ज पावणेदोन लाखांच्या घरात. १ मार्च २०२० च्या सोडतीत घरे निघाली ३,८९४. मामांचाही अर्ज आहे. नाव अजून लागलेले नाही.

नवे विणकाम खाते

तासाभराने नात बाहेर आली. काम त्यांना फार आवडले होते. तिने काढलेल्या चित्रांत एक ओगलेवाडीचा कंदील होता, एक आजोबांचा बिल्ला. "मग झालं की!" मामा म्हणाले. पण पोरीचा चेहरा उतरलेला. पहिले तीन महिने उमेदवारी, पगार नाही. पुढे बघू. त्यांच्याकडे बहुतेक मुले ओळखीने येतात आणि मुंबईत त्यांची घरे असतात, त्यामुळे आजवर कुणी तक्रार केली नाही, असेही तिला सांगण्यात आले.

आम्ही चिमणीच्या सावलीत बसलो. कुणी जात विचारली नव्हती. कुणी वाईट बोलले नव्हते. तरी दार मात्र अर्धेच उघडे होते. ज्याचे मुंबईत घर आहे, ज्याचा बाप तीन महिने पोसू शकतो, त्यानेच आत यावे असे ते दार. मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माझ्या बाला धोट्यानं आडवलं. हिला भाड्यानं आडवतायत. त्या टायमाला बी खातं चांगल्या पगाराचंच हुतं."

वाचकहो, मामांनी एका वाक्यात जे सांगितले ते आम्हाला शंभर भाषणांतून उमगले नव्हते. कलेची ही पेठ म्हणजे आजचे विणकाम खाते आहे. पैसा तिथे, मान तिथे, आणि समाजाचे चित्र काढायची सत्ताही तिथेच. त्या भिंतीवरच्या छायाचित्रात माणूस का नव्हता? कारण ते निवडणाऱ्यांत त्या माणसाच्या घरचे कुणी नव्हते.

"आजोबा, मग नको म्हणू का?" पोरीने विचारले.

"नगं कशाला? आत जा आन् इचार. तोंड देवानं न्हाय, बाबासाहेबानं दिलंय. म्हनावं, काम केलं तर दाम पायजे. लिवून द्या."

ती परत गेली. पाच मिनिटांत आली. "विचार करून कळवतो म्हणाले." पण तिचा चेहरा आता उतरलेला नव्हता.

जगात काय करतात?

असे बदललेले कारखाने जगभर आहेत. लंडनमध्ये जुन्या वीज कारखान्याचे 'टेट मॉडर्न' हे कलादालन २००० साली झाले. जर्मनीत एसेन येथील त्सोलफेराइन ही कोळशाची खाण १९८६ साली बंद पडली. आज तिथे संग्रहालये आणि कलाकेंद्रे आहेत, आणि पाहुण्यांना खाण दाखवणाऱ्यांत जुने खाणकामगारही आहेत. अमेरिकेत लोवेल येथील कापड गिरणीत जुने माग पाहुण्यांसमोर चालू करतात, म्हणजे कामगाराच्या कानावर काय आदळत होते ते कळावे. आपल्याकडे काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ व ३ च्या जागेत वस्त्रोद्योगाचे संग्रहालय करण्याचे महापालिकेने ठरवले, पण ते वर्षानुवर्षे रेंगाळले. ते होईल तेव्हा त्यात माग असेल, धोटा असेल. पण त्या धोट्याशेजारी विटाळाची हकीकत लिहिलेली असेल का? ती लिहायला लावणे हे आपले काम आहे. दुसरे कुणी ते करणार नाही.

परतीच्या गाडीत

रात्रीच्या गाडीत हिशेब झाला. पूर्वी गावचे लोक मुंबईत एखादी खोली धरून ठेवत. गावाहून नवा पोर आला की तो त्या खोलीत उतरे. काम लागेपर्यंत त्याच्याकडून कुणी पैसे मागत नसे. त्या खोल्यांच्या जोरावर आपल्या दोन पिढ्या मुंबईत टिकल्या. गिरणीच्या पोरासाठी जे केले, ते चित्रकार पोरीसाठी का करू नये? कल्याणला मामांची एक भाची राहते. तिच्याकडे राहायची सोय ठरली. जाण्यायेण्याचा खर्च तीन घरांनी उचलायचा. कचेरीने दाम दिले तर उत्तम. नाही दिले, तरी तीन महिन्यांनी ती कामाचा दाखला घेऊन दुसरे दार ठोठावील. मामींनी तर फोनवरच सांगितले, "पोर रिकाम्या हातानं परत यायची न्हाय, सांगून ठिवते."

हे लिहीत असताना कचेरीचे उत्तर आले आहे. पूर्ण पगार नाही, पण प्रवास आणि जेवण सुटेल एवढी रक्कम पहिल्या महिन्यापासून द्यायला ते राजी झाले आहेत. न मागता ही रक्कम मिळाली असती का?

जाताना मामांनी नातीला तो पितळी बिल्ला दिला. "टेबलावर ठिव. कुनी इचारलं तर सांग, ह्यो माझ्या आजाचा, ह्याच खात्यातला."

पहाटे कराडला मामांना उतरवून दिले. फलाटावर दिवे झगझगत होते. कंदिलाच्या गावाला आता कंदील लागत नाही, पण आपल्या भागातले बंद कारखानेही काही सांगण्यासारखे बाळगून आहेत, हे आम्ही मुंबईला जाऊन शिकलो.

म्हणून माता-भगिनींना आणि तरुण मित्रांना एवढीच विनंती. घरातल्या ट्रंकेत गिरणीचा बिल्ला, पगाराची चिठ्ठी, संपाच्या दिवसातला एखादा कागद असेल तर तो भंगारात देऊ नका. घरात जुना कामगार असेल तर येत्या रविवारी त्याच्याजवळ बसा. कुठली गिरणी, कुठले खाते, पगार किती, कुठल्या खात्यात जाऊ दिले नाही, हे वहीत उतरवून घ्या. आणि घरातले पोर चित्र काढत असेल, ढोलकी वाजवत असेल, तर त्याला 'हे काय पोटाला घालणार' असे म्हणून गप्प करू नका. आपल्या आजोबांना ज्या खात्यात जाता आले नाही, त्या खात्याचे दार कदाचित तेच पोर उघडणार आहे.

जयभीम!